सहलीच्या पेटीतलं चिकन

आमच्या घरी स्वयंपाकाचं माप शिट्टी आहे. डाळीला तीन, राजम्याला सहा, मटणाला "पहिली झाली की गॅस बारीक कर आणि वीस मिनिटं विसरून जा". त्या वेळी कुकरच्या पोटात साधारण १२० अंश सेल्सिअस तापमान असतं, हे माहीत नसल्यामुळे कुणाचं आजवर काही अडलेलं नाही. म्हणूनच गेल्या वर्षी एका रविवारी मी माळ्यावरचा सहलीचा आइस बॉक्स खाली काढला, त्यात गरम पाणी ओतलं, पिशवीतलं चिकन पाण्यात सोडलं आणि झाकण लावून पेपर वाचत बसले, तेव्हा सासूबाई दोनदा येऊन त्या पेटीकडे बघून गेल्या. ज्योत नाही, वाफ नाही, शिट्टी नाही. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा विचारलंच, "अगं, हे शिजतंय की नुसतं निवतंय?"

खरं उत्तर असं, की दोन्ही. पाणी हळूहळू निवत होतं आणि निवता निवता चिकन शिजत होतं.

या पद्धतीला फ्रेंचमध्ये सू-वीद म्हणतात. शब्दशः अर्थ 'निर्वात अवस्थेत'. नाव ऐकलं की हवा ओढून घेणारं यंत्र, जाड पिशव्या आणि पाण्यात उभी राहणारी ती दिवेवाली दांडी डोळ्यांसमोर येते आणि आपण विषय सोडून देतो. माझ्या मते या नावानं फार दिशाभूल केली आहे. निर्वात पिशवीचं काम एवढंच, की पाण्याची ऊब पदार्थाला सगळीकडून भिडावी आणि पिशवी तरंगू नये. खरी करामत तापमानाची आहे. पदार्थ जितका तापायला हवा तितक्याच तापमानाच्या पाण्यात ठेवायचा, म्हणजे तो त्यापुढे तापूच शकत नाही. कढईत आच २०० अंशांची असते आणि आपल्याला तुकडा आतून ६५ अंशांवर हवा असतो. तो नेमका क्षण हुकला की संपलं. इथे हुकायला क्षणच नाही.

चिकनच्या छातीचा तुकडा घ्या. मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन ५० अंशांच्या आसपास बदलायला लागतं आणि तुकडा घट्ट होऊ लागतो. ॲक्टिन हे दुसरं प्रथिन ६५ अंशांच्या पुढे आकसतं आणि ओलं फडकं पिळावं तसा आतला रस बाहेर काढतं. आपण रश्श्यात रटरट उकळतो ते १०० अंशांजवळ. छातीचा तुकडा चोथ्यासारखा लागतो तो त्यामुळे, कोंबडीचा त्यात दोष नाही. भात बोटचेपा झाला की नाही हे आपण बोटानं बघतो, पाक एकतारी की दोनतारी हेही बोटांनीच ओळखतो. मांसाच्या बाबतीत मात्र बोटाला ६२ आणि ७२ मधला फरक कळत नाही, आणि जिभेला तो लगेच कळतो.

मंद उष्णतेची ही गंमत पहिल्यांदा नीट टिपून ठेवली ती काउंट रम्फर्ड यानं. मूळ नाव बेंजामिन थॉम्पसन, जन्म १७५३ साली अमेरिकेत, कारकीर्द बव्हेरियाच्या दरबारी. तोफांच्या नळ्या कोरताना निघणारी उष्णता बघून, उष्णता हा पदार्थ नसून ती गती आहे असं मांडणारा हाच तो गृहस्थ. बटाटे वाळवायच्या यंत्रात मांस भाजता येईल का, हे बघायला त्यानं मेंढीच्या खांद्याचा तुकडा आत ठेवला. तीन तासांनी पाहिलं तर कच्चाच. त्यानं नाद सोडला. पण स्वयंपाकघरातल्या मुलींनी तो तुकडा रात्रभर तसाच आत राहू दिला आणि सकाळी बघतात तर मांस उत्तम शिजलेलं, चवीलाही वेगळंच आणि छान. १७९९ च्या सुमाराची ही हकिगत. शोधाचं श्रेय त्या मुलींना कुणी दिल्याचं मात्र दिसत नाही.

पुढची उडी थेट १९७४ मध्ये, फ्रान्समधल्या रोआन गावी. त्रोआग्रो बंधूंच्या नामांकित उपाहारगृहात बदकाच्या पुष्ट यकृताचा महागडा पदार्थ शिजताना वितळून जवळजवळ निम्मा घटत असे. जॉर्ज प्राल्यू या बल्लवानं तो प्लॅस्टिकच्या थरांत घट्ट गुंडाळून बेताच्या तापमानाच्या पाण्यात शिजवला आणि घट पाच टक्क्यांच्या आसपास आली. म्हणजे सुरुवात चवीपेक्षा हिशेबापायी झाली, हे मला फार आवडतं. त्याच काळात ब्रूनो गूसो हा शास्त्रज्ञ तापमान आणि वेळ यांची गणितं मांडत होता. मग प्रयोगशाळेतली पाणी ढवळत तापवणारी यंत्रं मोठ्या उपाहारगृहांत शिरली, आणि २०१२-१३ च्या सुमारास घरगुती दांड्या बाजारात आल्या. त्याआधीच, २०१० साली, जे. केंजी लोपेझ-आल्ट या अमेरिकी लेखकानं दाखवून दिलं होतं, की बिअर गार ठेवायच्या पेटीत गरम पाणी भरलं तरी काम होतं. पेटीला आतलं गार ठेवायचंय की गरम, हे ठाऊक नसतं. तिला फक्त उष्णतेची ये-जा अडवायची असते.

हे आपल्याला परकं वाटायचं काही कारण नाही. दुधात करंगळी बुडवून 'कोमट झालं' म्हणत विरजण लावायचं आणि थंडीच्या दिवसांत पातेलं दुपट्यात गुंडाळून ठेवायचं, हे तापमान टिकवणंच झालं. दह्याला ४२ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. चुलीच्या वैलावर तासन्‌तास ठेवलेलं दूध त्याच जातीचं. पण तिथे अंदाज पुरतो. इथे नाही पुरत, म्हणून एक वस्तू विकत घ्यावीच लागते: अन्नात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर. काही शे रुपयांत मिळतो. आल्यावर तो उकळत्या पाण्यात धरून बघा. मुंबईत १०० च्या जवळ आकडा यायला हवा. पुण्यात उंचीमुळे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, तेव्हा तिथे ९८ दिसलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

बाकी सामान घरातलंच. दहा-बारा लिटरचा घट्ट झाकणाचा आइस बॉक्स, झिपवाल्या जाड फ्रीझर पिशव्या (भाजीची पातळ पिशवी अजिबात नको) आणि एक मोठं पातेलं. गणित सोपं आहे. नळाचं पाणी २५ अंशांचं धरलं, तर निम्मं उकळतं आणि निम्मं नळाचं मिळून साधारण ६२ होतं. पण गार चिकन पडलं की पाणी उतरतं. आठ लिटर पाण्यात फ्रीजमधलं अर्धा किलो चिकन सोडलं तर जवळपास तीन अंश जातात. म्हणून मी सुरुवात ६८ वर करते: साडेतीन लिटर नळाचं, साडेचार लिटर उकळतं. पेटीचं प्लॅस्टिक तडकू नये म्हणून आधी गार पाणी, मग उकळतं. ढवळायचं, आकडा बघायचा, एखादं भांडं इकडचं तिकडचं करायचं. पाणी कमी आणि चिकन जास्त, असा कंजूषपणा केला की सगळं बिघडतं. इथे पाणी हीच शेगडी आहे.

आता पिशवी. चिकनचे अडीच सेंटिमीटरपेक्षा जाड नसलेले तुकडे मीठ-मिरपूड लावून एका थरात ठेवा, झिप बोटभर उघडी राहू द्या आणि पिशवी हळूहळू पाण्यात बुडवत न्या. बाहेरचं पाणी आतली हवा वर ढकलतं. तोंड पाण्याला टेकायच्या बेतात असताना झिप बंद. यंत्र नाही, वीज नाही, नुसता आर्किमिडीज. पहिल्या खेपेला मी घाईत हवा ठेवली, पिशवी होडीसारखी तरंगली आणि वरचा भाग कच्चा राहिला. आता पिशवीवर बशी दडपून ठेवते. पाण्याच्या वर मोकळी जागा कमी ठेवायची, झाकणावर जुनी सतरंजी टाकायची. माझ्या पेटीत तासाला एखादा अंश उतरतो. अर्ध्या तासानं आकडा बघते, ६३ च्या खाली जायला लागला की थोडं पाणी काढून उकळतं ओतते. दीड तासात काम होतं.

बाहेर आलेला तुकडा दिसायला निरुत्साही असतो. पांढराफटक, इस्पितळातल्या जेवणासारखा. शिजलं, पण खमंग नाही; खमंगपणाला १४० अंशांच्या पुढची कोरडी आच लागते आणि पाण्यात ती कधीच मिळणार नाही. तेव्हा तुकडा फडक्यानं अगदी कोरडा करून कडकडीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर तुपात प्रत्येक बाजूला पाऊण मिनिट. यापेक्षा जास्त परतलं तर दीड तासाची मेहनत तव्यावर वाया.

परदेशी पाककृतींत न सापडणारी एक अडचण आपल्याला हमखास येते. आलं-लसणाचं वाटण. ६५ अंशांवर लसूण शिजतच नाही. पिशवी उघडली की उग्र कच्चा वास अंगावर येतो. कांद्याचंही तेच, कारण भाजीला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय सुटत नाही. वाटण आधी तेलात परतून, पूर्ण गार करून मग पिशवीत घालायचं, किंवा सरळ शेवटी फोडणीत. दह्यात मुरवलेलं चिकनही फार वेळ ठेवलं तर आंबटपणानं पिठूळ होतं.

अंड्याला तर पिशवीही नको, ती त्यानं जन्मतःच आणलेली असते. सहा अंडी, सहा लिटर पाणी, सुरुवातीला ६६ अंश, एक तास. अंड्याचा पिवळा बलक ६५ च्या आसपास घट्ट व्हायला लागतो, पण पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन ८० पर्यंत दाद देत नाही. त्यामुळे आपल्या हाफ-बॉइलच्या बरोबर उलटं होतं: बलक मऊ खव्यासारखा आणि भोवती थरथरणारं पांढरं. जपानात गरम पाण्याच्या झऱ्यांत अशी अंडी करतात, त्यांना ओन्सेन तामागो म्हणतात. मी ते गरम भातावर फोडते आणि वर लसूण-लाल मिरचीची चरचरीत फोडणी.

आता भीतीची गोष्ट, कारण ती खरी आहे. कोमट पाणी जंतूंनाही आवडतं. अन्नातून विषबाधा करणारा एक जंतू ५२ अंशांपर्यंत वाढू शकतो. म्हणून घरच्या पेटीत ६० च्या खाली उतरायचं नाही, हा माझा नियम. चिकन ७४ अंशांना पोचलं की लगेच सुरक्षित, असं म्हणतात ते बरोबर आहे. पण तुकड्याचा गाभा ६३ अंशांवर दहा मिनिटं किंवा ६० वर अर्धा तास राहिला तरी परिणाम तोच. फक्त ती वेळ गाभा तापल्यानंतर मोजायची, पाण्यात टाकल्यापासून नाही. हवाबंद पिशवीचा आणखी एक धोका म्हणजे बॉट्युलिझमचे जंतू. ते हवेविना वाढतात आणि त्यांची बीजं या तापमानाला मरत नाहीत. शिजलेली पिशवी ओट्यावर ठेवून विसरायची नाही. लगेच खा, नाहीतर बर्फाच्या पाण्यात झटपट गार करून फ्रीजमध्ये टाका आणि दोन दिवसांत संपवा. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यानं लेखी सुरक्षा-आराखड्याशिवाय उपाहारगृहांना ही पद्धत वापरू दिली नव्हती, ते उगीच नव्हे. गरोदर बाई, तान्हं मूल किंवा आजारी माणूस घरात असेल, तर त्यांचं अंडं नेहमीसारखं उकडा.

मासा? परदेशात ५० अंशांवर करतात. बाजारातून तासाभरानं घरी पोचलेल्या सुरमईवर मला ते धाडस होत नाही. ६० वर अर्धा तास, जाड काप. तळलेल्या तुकडीची सर त्याला नाही, पण काटा अलगद सुटतो. गाजर-बीटसाठी ८५ अंश टिकवायला पेटी अपुरी पडते आणि खरं सांगायचं तर उकडलेल्या गाजरासाठी एवढा खटाटोप कुणी करावा? मटणाचंही नाव काढू नये. त्यातल्या चिवट तंतूंचं जिलेटिन व्हायला ६० अंशांवर चोवीस तासही लागू शकतात, तेवढा वेळ पाणी ओतत कोण बसणार? तिथे कुकरच हवा, आणि शिट्ट्याच मोजाव्यात.

पिशवीत उरलेला गढूळ रस मात्र बेसिनमध्ये ओतू नका. कढल्यात उकळा, प्रथिनं साखळून वर येतात, ती गाळून टाका. उरलेल्यात चमचाभर तूप, मिरपूड आणि लिंबू. सासूबाई चिकनला अजून "तुझं ते निवलेलं" म्हणतात, पण हा रस वाटीत वेगळा काढून ठेवायला सांगतात आणि भातावर घेतात.