सेलमचे खटले : श्रद्धा, अब्रू आणि जमीनजुमला

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मॅसॅच्युसेट्स या इंग्रजी वसाहतीत १६९२-९३ मध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून दीडशेहून अधिक माणसांना अटक झाली. त्यांपैकी १४ स्त्रिया आणि ५ पुरुष फासावर गेले, एका वृद्धाचा अंगावर दगड रचून जीव घेण्यात आला आणि किमान पाच जण तुरुंगातच मेले. या प्रकरणाचा दोष कधी निव्वळ धर्मवेडावर, तर कधी जमिनी बळकावण्याच्या कारस्थानावर ठेवला जातो. परंतु टिकून राहिलेले जबाब, फिर्यादी आणि अर्ज वाचले असता असे दिसते की श्रद्धा, लौकिक आणि स्वार्थ ही तेथे तीन निरनिराळी कारणे नव्हतीच. ती एकमेकांत इतकी मुरलेली होती की शेजाऱ्यावर फिर्याद करणाऱ्यालाही आपल्या मनात देवाची भीती किती आणि जुने वैर किती, हे निवडून काढता आले नसते.

प्युरिटन म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चमधील कॅथलिक वळणाचे अवशेष काढून टाकून ते शुद्ध करू पाहणारे प्रॉटेस्टंट. १६३० पासून त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये मोठ्या संख्येने वस्ती केली. कोणाचा उद्धार व्हायचा हे ईश्वराने आधीच ठरवलेले असून माणसाला ते निश्चितपणे कधीच कळत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. तरीही चर्चचे पूर्ण सभासदत्व हवे असेल, तर आपल्या ठायी ईश्वरी कृपेचा उदय कसा झाला, हे सांगून मंडळींची खात्री पटवावी लागे. साहजिकच माणसाचे वागणे, बोलणे, घरातील शिस्त आणि शेजारधर्म यांवर सगळ्यांची नजर असे. गावातील नाव चांगले असणे ही केवळ प्रतिष्ठेची बाब नव्हती, तर ते आत्म्याच्या अवस्थेचे दिसणारे चिन्ह होते. याच्या नेमके उलट टोक म्हणजे चेटकीण : सैतानाच्या वहीत सही करून त्याच्याशी करार करणारी, बाहेरून भाविक दिसली तरी आतून फितूर असलेली व्यक्ती. वसाहतीच्या १६४१ च्या कायद्यात या गुन्ह्याला बायबलच्या आधारे देहान्ताची शिक्षा सांगितलेली होती.

ज्या सेलम गावात हे प्रकरण उद्भवले, ते सेलम बंदराच्या आधिपत्याखालचे शेतकरी खेडे होते आणि तेथील तंटे बंदरापर्यंत प्रसिद्ध होते. १६८९ मध्ये तेथे आलेले धर्मोपदेशक सॅम्युएल पॅरिस यांचा पगार, त्यांना पुरवायचे सरपण आणि त्यांच्या राहत्या घराची मालकी यांवरून गावात उघड दोन तट पडले, आणि १६९१ च्या शरद ऋतूत विरोधकांच्या हाती आलेल्या ग्रामसमितीने पगारासाठी कर वसूल करण्याचेच नाकारले. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १६९२ मध्ये, पॅरिस यांची नऊ वर्षांची मुलगी आणि त्यांच्याच घरात राहणारी अकरा वर्षांची नातलग मुलगी यांना झटके येऊ लागले. सर्वांत आधी तीन नावे पुढे आली : पॅरिस यांची गुलाम टिट्युबा, दारोदार मागून खाणारी तिखट जिभेची सारा गुड आणि सारा ऑस्बर्न. ऑस्बर्न हिने पहिल्या नवऱ्याच्या पश्चात घरातील गड्याशीच लग्न केले होते, आणि मुलांच्या वाट्याच्या जमिनीवरून तिचे पटनम या वजनदार घराण्याशी बिनसलेले होते.

अनेक फिर्यादींवर ज्याची सही आहे, त्या थॉमस पटनम याच्या घरात भाऊबंदकी आधीपासूनच धुमसत होती. वडिलांनी दुसरे लग्न करून मृत्युपत्रात धाकट्या सावत्र मुलाला झुकते माप दिले होते, आणि थॉमसने त्याविरुद्ध केलेली खटपट वाया गेली होती. शेजारच्या टॉप्सफील्ड गावाच्या हद्दीवरून पटनमांचा टाउन आणि ईस्टी या घराण्यांशी वाद होता. टाउन घराण्यातील रिबेका नर्स, मेरी ईस्टी आणि सारा क्लॉइस या तिन्ही बहिणींवर पुढे आरोप झाले, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. पॉल बॉयर आणि स्टीफन निसेनबॉम या इतिहासकारांनी १९७४ मध्ये गावातील या दुफळीवरच आपली सगळी मांडणी उभी केली. मात्र ती पूर्ण पटत नाही. रिबेकाविरुद्धच्या फिर्यादीत नाव असलेल्या जोनाथन पटनमनेच पुढे तिच्या चांगल्या चारित्र्याची ग्वाही देणाऱ्या शेजाऱ्यांच्या अर्जावर सही केली. वैर घराण्याचे असले तरी ते घराण्यातील प्रत्येकाच्या सद्सद्विवेकाला गिळू शकले नव्हते. शिवाय, मेरी बेथ नॉर्टन यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, उत्तरेच्या सरहद्दीवर मूळ रहिवासी जमातींशी चाललेल्या युद्धाची आणि तेथून आलेल्या निर्वासितांची दहशत त्या वेळी घरोघर पोचलेली होती.

या वैरांना जीवघेणे केले ते न्यायालयाने स्वीकारलेल्या पुराव्याने. आरोपीची छायाकृती येऊन आपला गळा आवळते, चिमटे काढते, असे पीडित मुली सांगत. ती आकृती त्यांच्याखेरीज कोणालाच दिसत नसे; परंतु निरपराध माणसाचे रूप सैतान घेऊ शकत नाही, असा मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांचा ग्रह असल्याने ती साक्ष ग्राह्य धरली गेली. हे एकदा मान्य केल्यावर आरोपीला बचाव उरत नाही, कारण घटनेच्या वेळी आपण अन्यत्र होतो, हेही सिद्ध करून उपयोग नसतो. मग वर्षानुवर्षांची कुजबुज, भांडणानंतर मेलेली गाय, कोणे काळी दिलेला शाप हे सारे जोडपुरावा म्हणून पुढे येई.

एकाहत्तर वर्षांच्या रिबेका नर्सचा खटला या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. पंचांनी तिला आधी निर्दोष ठरवले होते. त्यावर पीडित मुलींनी आकांत मांडला, आणि एका कबुली दिलेल्या स्त्रीला उद्देशून ती ‘आमच्यातली’ असल्याचे जे उद्गार रिबेकाने काढले होते, त्यांकडे स्टॉटन यांनी पंचांचे लक्ष वेधले. तिला अभिप्रेत होते ते सहकैदी. पंचांनी खुलासा विचारला, तेव्हा कानाने अधू आणि दुःखाने खचलेली ती वृद्धा गप्प राहिली, आणि ते मौन तिच्या विरुद्ध गेले. ३ जुलै रोजी चर्चने तिला बहिष्कृत केले. १९ जुलै रोजी तिला फाशी झाली.

ज्यांनी गुन्हा कबूल केला आणि ती कबुली मागे घेतली नाही, त्यांच्यापैकी मात्र एकालाही फाशी झाली नाही. कबुली देणारे पश्चात्तापी मानले जात आणि नवी नावे मिळण्यासाठी उपयोगी पडत. म्हणजे खोटे बोलणारा जगे आणि खोटे बोलल्याने आत्म्याचा नाश होतो, ही प्युरिटन शिकवण जो अक्षरशः पाळी, तो मरे. सॅम्युएल वॉर्डवेलने कबुली मागे घेतली आणि तो फासावर गेला. मेरी ईस्टीने आपल्या अर्जात स्वतःच्या प्राणांची याचना केली नाही. आणखी निरपराधांचे रक्त सांडू नये एवढेच तिने मागितले. ज्यांना धर्मद्रोही म्हणून संपवण्यात आले, तेच आपल्या धर्माशी सर्वांत प्रामाणिक होते, ही या खटल्यांतील सर्वांत क्लेशदायक बाब आहे.

उघड लाभ उठवणारेही होतेच. जप्तीचे काम न्यायाधीश जोनाथन कॉर्विन यांचा पुतण्या शेरीफ जॉर्ज कॉर्विन याच्याकडे होते. बोस्टनचा व्यापारी रॉबर्ट केलेफ याने १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तानुसार, जॉन प्रॉक्टर आणि त्याची पत्नी तुरुंगात असतानाच शेरीफने त्यांची गुरे नेली, पिपातली बिअर ओतून पीप नेले, रस्सा सांडून भांडे नेले आणि मुलांसाठी घरात काही शिल्लक ठेवले नाही. सुमारे ऐंशी वर्षांच्या जाइल्स कोरीने चौकशीच्या वेळी स्वतःच्या बायकोविरुद्ध जबाब दिला होता. पुढे त्याच्यावरच आरोप आला, तेव्हा आपली जमीन जावयांच्या नावे करून त्याने या न्यायालयापुढे खटला चालवून घेण्यासच नकार दिला. त्याला बोलते करण्यासाठी अंगावर वजन रचत गेले आणि १९ सप्टेंबर रोजी तो मेला. तीन दिवसांनी त्याची बायको मार्था फासावर चढली.

प्रतिष्ठेची काळजी धर्मगुरूंनाही होती. कॉटन मॅदर यांनी छायाकृतींच्या पुराव्याबाबत खासगीत सावधगिरीचा इशारा दिला, परंतु नव्या सरकारची अब्रू सांभाळण्यासाठी जाहीर पुस्तक लिहिले ते न्यायालयाच्या समर्थनाचे. त्यांचे वडील इन्क्रीज मॅदर यांनी त्या पुराव्यावर देहान्त देणे चूक असल्याचे शरद ऋतूत स्पष्ट मांडले, आणि आरोपांचा रोख प्रतिष्ठितांकडे वळू लागला असताना गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी ऑक्टोबरच्या अखेरीस न्यायालय गुंडाळले. १६९७ मध्ये न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल यांनी प्रार्थनासभेत उभे राहून आपली अपराधाची कबुली सर्वांसमोर वाचून घेतली. थॉमस पटनमची मुलगी अ‍ॅन हिने १७०६ मध्ये चर्चपुढे क्षमा मागितली आणि आपल्याकडून हे द्वेषाने नव्हे, तर सैतानाच्या भुलावणीने घडले, असे म्हटले. स्टॉटन यांनी कधीच माफी मागितली नाही.

१७११ मध्ये वसाहतीने अनेकांच्या शिक्षा रद्द करून ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई मंजूर केली. तिची वाटणी दुःखाच्या मापाने झाली नाही. प्रॉक्टर कुटुंबाला १५० पौंड मिळाले, नर्स कुटुंबाला २५. सारा गुडचा नवरा विल्यम याने चौकशीत आपली बायको चेटकीण असावी किंवा लवकरच होईल, अशी भीती बोलून दाखवली होती. तिला फाशी झाली आणि त्यांची चार-पाच वर्षांची मुलगी कित्येक महिने तुरुंगात साखळदंडात राहिली. त्याला ३० पौंड देण्यात आले.