दात गेल्यावर काय? आणि दात जाण्याआधी काय?



यंदा खो-खो खेळताना आमच्या सातवीच्या एका विद्यार्थ्याचा पुढचा दात मुळासकट निघाला. आम्ही रक्त थांबवले, दात कागदात गुंडाळला व त्याला घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी दंतवैद्यांनी सांगितले की उशीर झाला, दात वाळून गेला. चूक आमची होती. ती पुन्हा होऊ नये म्हणून हा लेख.

मुलाच्या वडिलांनी विचारले, "स्क्रूचा दात बसवता येईल का?" त्यालाच डेंटल इम्प्लांट म्हणतात. टायटेनियम धातूचा लहान स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात. तीन ते सहा महिन्यांत हाड त्याला घट्ट धरते, मग त्यावर कृत्रिम दात चढवतात. हाड टायटेनियमला असे धरून ठेवते, हे स्वीडनचे डॉ. ब्रॉनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरील प्रयोगात दिसले. हाडात बसवलेले उपकरण काढू गेले तर निघेना! १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले.

पण हे मुलांना चालत नाही. जबडा वाढत राहतो, स्क्रू मात्र जागचा हलत नाही. मग तो दात आखूड व आत गेलेला दिसतो. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत, साधारण अठरा वर्षांपर्यंत, थांबावे लागते. आमचा विद्यार्थी तोवर काढता-घालता येणारा दात वापरणार आहे.

मोठ्यांसाठी तीन मार्ग आहेत. कवळी सर्वांत स्वस्त, पण ती हलते. ब्रिज पक्का असतो, परंतु त्यासाठी शेजारचे चांगले दात घासावे लागतात. इम्प्लांटमध्ये शेजारच्या दातांना धक्का लागत नाही व भाकरी नीट चावता येते. मात्र खर्च सर्वांत जास्त. दात गेलेली जागा तशीच सोडली तर शेजारचे दात तिकडे कलतात आणि खालचे हाड झिजत जाते. हाड फार झिजले असेल तर आधी हाड भरावे लागते.

आता थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या लिंबायतमध्ये लूमवर रात्रपाळीत जागण्यासाठी तंबाखू आणि घरात मशेरी किंवा बजर, हे नवीन नाही. २०१२ पासून गुजरातमध्ये गुटख्यावर बंदी आहे, सवय मात्र सुटलेली नाही. तंबाखूने हिरड्या खराब होतात, दात हलतात, शिवाय कॅन्सरचा धोका. तंबाखू व आटोक्यात नसलेला मधुमेह असेल तर महागडा इम्प्लांटही निकामी होऊ शकतो. रस्त्यावर बसून तासाभरात 'पक्का दात' चिकटवणाऱ्यांकडे तर जाऊच नये. त्याखाली घाण साचून शेजारचे दातही जातात. नव्या सिव्हिल हॉस्पिटलात दंत विभाग आहे, तेथे आधी दाखवावे.

मुलांबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली : सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे येणारी दाढ दुधाची नसते, कायमची असते. "पडेल आपोआप" म्हणून ती किडू देऊ नका.

दुसरी : कायमचा दात मुळासकट निघाला तर तो वरच्या पांढऱ्या भागाने धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर क्षणभर पाण्याखाली धरा. जमल्यास लगेच जागेवर बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला द्या. न जमल्यास दात थंड दुधात ठेवा व अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचा. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये.

आमच्या शिक्षकांना आम्ही हे आता शिकवले आहे. चहाच्या दुकानातले अर्धा कप दूध एका मुलाचा दात वाचवू शकते, हे आपणही घरी सर्वांना सांगावे, ही विनंती.

आपले,
मुख्याध्यापक व शिक्षकवृंद