काडतुसाची उतरत नाही

अमेरिकेत काही घरांच्या गॅरेजमध्ये गवत कापायचं यंत्र आणि नाताळच्या दिव्यांची खोकी यांच्या मागे एक जाडजूड टेबल असतं. त्यावर बोल्टने आवळून बसवलेला लोखंडी प्रेस. हँडल खाली ओढलं की काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी वर सरकते, साच्यात दाबली जाते आणि तिच्या बुडातला जळका प्रायमर, म्हणजे पावडरला ठिणगी देणारी टिकली, टक्कन खाली पडतो. मग नवा प्रायमर बसतो, मापातून पावडर पडते, वरून गोळी दाबली जाते. काडतूस पुन्हा तयार. याला तिकडे रीलोडिंग म्हणतात आणि हा तिथला अगदी राजरोस छंद आहे. कुणी पैसे वाचवायला करतं, कुणी नेम सुधारायला.

हे शक्य होतं ते पितळेमुळे. बार उडताना पुंगळी फुगते, बंदुकीच्या चेंबरला घट्ट चिकटते आणि तप्त वायूला मागे, नेमबाजाच्या तोंडावर येऊ देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आक्रसते आणि अलगद बाहेर निघते. जळते ती पावडर, फुटतो तो प्रायमर, जाते ती गोळी. सगळ्यात महागडा भाग मागे उरतो. (कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकलं, त्यातलं पॉइंट टू-टू काडतूस मात्र या छंदाच्या कामाचं नाही. त्याचं ठिणगी देणारं रसायन बुडाच्या कडेतच भरलेलं असतं आणि तीच कड घोड्याच्या आघाताने चेपते.)

आता प्रश्न असा: हे काम करताना शेजारी बिअरची बाटली ठेवली तर? मराठीत दोन्हींना दारूच म्हणत असल्यामुळे घोटाळा नको, म्हणून या लेखात दारू म्हणजे फक्त प्यायची. काडतुसातली ती पावडर.

कुणालाही पहिल्यांदा आगीची भीती वाटेल. ती खोटी नाही, पण खरी गंमत दुसरीकडे आहे. 1884 साली पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पहिली यशस्वी धूररहित पावडर बनवली. ही पावडर उघड्यावर पेटवली तर भुर्रकन जळून जाते, बंद जागेत मात्र तिचं वागणं बदलतं. दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. म्हणून पावडर दुप्पट झाली की दाब नुसता दुप्पट होऊन थांबत नाही, त्याच्याही पुढे उसळतो. आणि हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतं. नाइन एमएमच्या काडतुसात कमाल दाब दर चौरस इंचाला 35,000 पौंड धरलेला आहे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 2,400 पट. एवढा दाब माणूस हातात धरलेल्या वस्तूत निर्माण करतो, आणि बहुतेक वेळा काहीही होत नाही!

ही पावडर मोजतात ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे 64.8 मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जेमतेम निम्मा. पिस्तुलाच्या काडतुसाला असे चारपाच ग्रेन पुरतात. .38 स्पेशल हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस आलं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, काळ्या पावडरच्या जमान्यात. काळी पावडर भरपूर लागायची, म्हणून पुंगळी ऐसपैस. आज तिच्यात धूररहित पावडरची चिमूट पडते आणि बाकी पुंगळी रिकामी राहते. तीत चुकून दुसऱ्यांदा पावडर पडली तरी सांडत नाही, वर येत नाही, काही सांगत नाही. वर गोळी बसली की झाकली मूठ.

उलटी चूकही तितकीच वाईट. पावडर पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत थोडी सरकते आणि अडकून बसते. धडाका होत नाही, फुसका ‘पुक’ होतो. गडबडीत पुढचा बार काढला की अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी येते आणि नळी फुगते किंवा फुटते. या अडकलेल्या गोळीचा सर्वांत प्रसिद्ध बळी म्हणजे ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली. 1993 च्या मार्चमध्ये ‘द क्रो’च्या चित्रीकरणात कॅमेऱ्यासमोर दाखवायला खोटी काडतुसं हवी होती. ती खऱ्या काडतुसांतली पावडर काढून बनवली, पण एका काडतुसात जिवंत प्रायमर राहिला. त्याच्या जोराने गोळी नळीत जाऊन अडकली. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये आवाजापुरतं ब्लँक घातलं गेलं, त्यात पावडर होती, आणि ती गोळी सुटली. ब्रँडन 28 वर्षांचा होता. इथे दारूचा काही संबंध नव्हता. चूक वेळीच कुणाच्या लक्षात आली नाही, एवढाच संबंध.

आणि दारूचं काम नेमकं तिथेच सुरू होतं. दारू प्यायल्यावर हात थरथरतो असं आपण समजतो. पण एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवण्याची ताकद कमी व्हायला रक्तात 0.05 टक्क्यांहून कमी मद्यार्कही पुरतो, आणि तेव्हा हात अगदी स्थिर असतो. त्याहून विलक्षण शोध मेंदूच्या विद्युतलहरींचा आहे. माणसाच्या हातून चूक झाली की साधारण शंभर मिलिसेकंदांच्या आत, पापणी पुरती मिटायच्या आधी, मेंदूच्या पुढच्या-मधल्या भागातून एक लहर उठते. तोंडातून ‘अरेच्चा’ निघण्याच्या कितीतरी आधीचा हा मेंदूतला ‘अरेच्चा’. 2002 साली ॲमस्टरडॅमच्या रिडरिंकहॉफ आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की दारूने ही लहर मंदावते. दहाएक वर्षांनी मिसूरी विद्यापीठातल्या बार्थोलो आणि मंडळींनी त्यात भर घातली, आणि मला तीच जास्त धक्कादायक वाटते. प्यायलेल्यांना आपली चूक झाल्याचं कळत होतं. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

आता हे गॅरेजमध्ये आणून पाहा. हँडल ओढताना काहीतरी अडखळतं. शुद्धीतला माणूस थांबतो, पुंगळी काढतो, उजेडात धरून आत पाहतो, शंका आली तर पावडर ओतून टाकतो. दोन पेग झालेला माणूसही अडखळणं जाणतो, पण ‘पडली असेल’ म्हणून हँडल पुन्हा ओढतो. गाडी चालवताना झालेली चूक त्याच क्षणी आरडाओरडा करते. इथली चूक पेटीत जाऊन बसते आणि महिन्यांनी, वर्षांनी, भलत्याच माणसाच्या हातात उलगडते. माणसाची सकाळपर्यंत उतरते, काडतुसाची उतरत नाही.

मग कायदा काय म्हणतो? स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात परवाना लागत नाही. विकण्याचा धंदा करायचा तर लागतो, त्याची फी तीन वर्षांना 30 डॉलर. भरताना पिऊ नये असं केंद्रीय कायद्यात कुठेही नाही. मजा म्हणजे बंदुका आणि दारूगोळ्यावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याच्या नावात सुरुवातच अल्कोहोलने होते, कारण या सगळ्यांचा उगम एकाच करवसुलीत आहे. आणखी मजा पुढे आहे. बेकायदा अमली पदार्थ घेणाऱ्याने काडतूस जवळ बाळगणं हाही केंद्रीय गुन्हा आहे (या कलमावर तिथल्या कोर्टांत बरेच वाद झडले आहेत), आणि अमली पदार्थांच्या व्याख्येतून दारू व तंबाखू मुद्दाम वगळलेले आहेत.

राज्यांचे नियम वेगळे. ओहायोत नशेत बंदूक बाळगणं गुन्हा आहे, स्वतःच्या घरातसुद्धा. एक माणूस आपल्याच घरात झिंगलेल्या अवस्थेत रिकामी शॉटगन हातात घेऊन उभा होता. पत्नीच्या फोनवर पोलीस आले, आणि 2020 च्या डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम ठेवली. या कायद्यांच्या नजरेसमोर बंदूक आहे, टेबलावरचा प्रेस नाही. रिकामी बंदूक धरली म्हणून गुन्हा, आणि शंभर काडतुसं चुकीची भरली तर ती फुटेपर्यंत कुणी विचारणार नाही. अर्थात ती मित्राला दिली आणि त्याचा हात गेला, तर मग भरपाईचा दावा, वकील, सगळं येतं.

तिथे नोकरीला गेलेल्या आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर बंदूकच काय, काडतूस जवळ ठेवणंही केंद्रीय गुन्हा ठरतं. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेली घरगुती काडतुसांची डबी ‘राहू दे’ म्हणून परत करावी.

भारतात प्रश्नच वेगळा. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान 7 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. जिथे परवाना आहे तिथे दारूचा विचार कायद्याने आधीच केला आहे. नागपूरभोवतीच्या स्फोटकांच्या कारखान्यांना लागू असणारे 2008 चे स्फोटक नियम नशेतल्या माणसाला परवानाधारक आवारात शिरूच देत नाहीत.

गॅरेजमध्ये असा पहारेकरी नसतो. रात्री पिऊन भरलेल्या पेटीबद्दल सकाळी शंका आली, तर काडतुसं वजन करून दोषी शोधावं असं वाटतं. पण पुंगळ्या आणि गोळ्या यांच्या वजनात मुळातच काही ग्रेनचा फरक असतो आणि चारपाच ग्रेनची चूक त्यात सहज लपते. उरतो तो प्लॅस्टिकचा पोकळ हातोडा. त्याच्या डोक्यात काडतूस अडकवायचं आणि हातोडा काँक्रीटवर आपटायचा. पुंगळी जागच्या जागी थांबते, जड गोळी जडत्वाने पुढे निसटते, पावडर पोकळीत साठते. बहुधा एका ठोक्यात निघत नाही, दोनतीन लागतात. चांगल्या प्रेसवर तासाला काहीशे काडतुसं भरता येतात. हातोड्याने तेवढी मोकळी करायला रविवार जातो.