गर्भाचे पहिले चार आठवडे: पाळी चुकण्याआधी पोटात काय घडतं?

"डॉक्टर, कालच टेस्ट पॉझिटिव्ह आली. आता काय काय काळजी घ्यायची?" हा प्रश्न ओपीडीत जवळजवळ रोज येतो. दुसरा प्रश्न कमी वेळा येतो आणि तो विचारताना आवाज खाली गेलेला असतो: "दुसऱ्या महिन्यातच गेलं. माझं काय चुकलं?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं समजून घ्यायची, तर गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांत काय घडतं हे माहीत हवं.

आधी दिवसांचा हिशेब

डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. प्रत्यक्षात स्त्रीबीज बाहेर पडतं ते त्यानंतर साधारण १४व्या दिवशी (पाळी २८ दिवसांची असेल तर). म्हणजे कार्डावर 'सहा आठवडे' लिहिलेलं असतं, तेव्हा गर्भाचं खरं वय चार आठवडे असतं. या लेखातले दिवस फलन झाल्यापासून मोजलेले आहेत.

पहिला आठवडा: एकाचे शंभर

अंडाशयातून बाहेर पडलेलं स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. त्याची शुक्राणूशी गाठ पडते ती गर्भनलिकेत, गर्भाशयात नाही. आईकडून २३ आणि वडिलांकडून २३ अशी ४६ गुणसूत्रं एकत्र येतात आणि एक पेशी तयार होते. तिचा आकार असतो सुमारे ०.१ मिलिमीटर.

साधारण एका दिवसानंतर या पेशीच्या दोन होतात. दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी आठ. गंमत म्हणजे एकूण गोळा मात्र मोठा होत नाही. बाहेरचं कवच तेवढंच राहतं आणि आतल्या पेशी लहान लहान होत जातात. चौथ्या दिवशी हा गोळा तुतीच्या फळासारखा दिसतो. पाचव्या दिवशी त्यात पाणी भरतं आणि पेशींचे दोन गट पडतात. आतल्या गटापासून बाळ बनतं, बाहेरच्या थरापासून वार. या अवस्थेला ब्लास्टोसिस्ट म्हणतात.

टेस्ट ट्यूब बेबी उपचार घेणाऱ्या जोडप्यांना 'डे थ्री' आणि 'डे फाइव्ह' हे शब्द ऐकू येतात, ते याच टप्प्यांचे. आठ पेशींचं भ्रूण आत सोडायचं की ब्लास्टोसिस्ट होईपर्यंत थांबायचं, हा तो निर्णय असतो. सगळीच भ्रूणं पाचव्या दिवसापर्यंत पोहोचत नाहीत. प्रयोगशाळेतून 'दोन थांबली' असा निरोप आला की मन खट्टू होतं. पण नैसर्गिक गर्भधारणेतही हेच घडत असतं, फक्त तिथे ते कोणाला दिसत नाही.

दुसरा आठवडा: रुजणं

सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास भ्रूण कवचातून बाहेर येतं आणि गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतं. बाहेरचा थर एचसीजी हे हार्मोन तयार करतो. लघवीच्या टेस्टमध्ये दोन रेघा उमटतात त्या याच हार्मोनमुळे. म्हणून संबंधानंतर चार-पाच दिवसांनी टेस्ट करून काही कळत नाही. पाळीची तारीख उलटेपर्यंत थांबावं.

कधी कधी भ्रूण गर्भनलिकेतच रुजतं. पाळी चुकल्यानंतर एका बाजूला तीव्र पोटदुखी, रक्तस्राव किंवा चक्कर आली, तर घरी वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा.

तिसरा आठवडा: तीन थर

पाळी चुकण्याच्या सुमारास भ्रूण एखाद्या चपट्या चकतीसारखं असतं. आता त्यातल्या पेशी जागा बदलतात आणि तीन थर तयार होतात. वरच्या थरापासून त्वचा, मेंदू आणि नसा बनतात. मधल्यापासून हाडं, स्नायू, हृदय, रक्त आणि मूत्रपिंडं. खालच्यापासून आतड्याचं आणि फुप्फुसांचं अस्तर, तसंच यकृत.

बेडूक, कोंबडी, गाय, माणूस, सगळ्यांमध्ये हेच तीन थर बनतात. म्हणूनच गर्भाच्या वाढीचं बरंचसं ज्ञान आपल्याला कोंबडीच्या अंड्यांतून मिळालं. उबवायला ठेवलेल्या अंड्यात दुसऱ्या दिवशीच हृदय धडधडू लागतं. माणसाच्या गर्भात ते साधारण २२व्या दिवशी सुरू होतं.

चौथा आठवडा: सर्वांत नाजूक काम

वरच्या थराचा मधला पट्टा आता दोन्ही कडांनी उचलला जातो. पोळीची सुरळी करावी तशा कडा एकमेकींना भेटतात आणि नळी तयार होते. हीच न्यूरल ट्यूब. तिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात. डोक्याकडचं टोक २५व्या दिवसाच्या सुमारास बंद होतं, खालचं साधारण २८व्या दिवशी.

वरचं टोक उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटी नीट बनत नाही, आणि असं बाळ जगू शकत नाही. खालचा भाग उघडा राहिला तर स्पायना बिफिडा होतो. पायांत अशक्तपणा, लघवी-शौचावर ताबा नसणं, डोक्यात पाणी साठणं असे त्रास बाळाला होऊ शकतात.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. २८वा दिवस म्हणजे पाळी चुकल्यानंतर फक्त दोन आठवडे. बहुतेक जणी पहिल्यांदा दवाखान्यात येतात, तोवर ही नळी बंद झालेली असते.

म्हणून फॉलिक ॲसिड आधीपासून

• मूल हवं असं ठरवलं की गर्भ राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करावं आणि पहिले १२ आठवडे चालू ठेवावं.
• आधीच्या बाळाला न्यूरल ट्यूबचा दोष होता, मधुमेह आहे किंवा फिट्सची औषधं चालू आहेत, तर जास्त डोस लागू शकतो. तो डॉक्टरांनीच ठरवायचा. १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात, आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम दिल्यावर पुन्हा तसं होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी झाला.
• फिट्सची औषधं, विशेषतः व्हॅल्प्रोएट, चालू असतील तर गर्भधारणेआधी डॉक्टरांशी बोला. स्वतःहून गोळी बंद करू नका.
• पालेभाज्या आणि डाळी जरूर खा, पण त्या गोळीची जागा घेत नाहीत.
• गोळी सुरू करायची राहून गेली असेल तर घाबरू नका. आजपासून घ्या. फॉलिक ॲसिड न घेतलेल्या बहुतेक मातांचीही बाळं निरोगी असतात. सोनोग्राफी मात्र वेळेवर करून घ्या: ११ ते १४ आणि १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान.

"माझं काय चुकलं?"

सुरुवातीच्या महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळजवळ निम्म्यांचं कारण गुणसूत्रांच्या संख्येतली चूक हे असतं. ही चूक बहुतेकदा स्त्रीबीज तयार होताना किंवा फलनाच्या वेळीच झालेली असते. पाण्याची कळशी उचलल्याने, एसटीने प्रवास केल्याने किंवा जिना चढल्याने ती होत नाही. नंतर विश्रांती घेऊन ती दुरुस्तही होत नाही.

घरच्यांना एक विनंती. अशा वेळी "तू पपई खाल्लीस ना?" असं विचारू नका. तिने स्वतःला तो प्रश्न आधीच शंभरदा विचारलेला असतो. एका गर्भपातानंतर बहुतेकींची पुढची गर्भधारणा व्यवस्थित पार पडते. दोन किंवा अधिक वेळा असं झालं असेल, तर पतीपत्नी दोघांनी मिळून तपासणी करून घ्यावी.

पाळी चुकण्याआधी नकळत एखादी गोळी घेतली किंवा एक्स-रे काढला म्हणूनही अनेक जणी धास्तावतात. पहिल्या दोन आठवड्यांत इजा झालीच, तर बहुधा गर्भ टिकत नाही, नाहीतर ती भरून निघून वाढ नेहमीसारखी होते. काही औषधं याला अपवाद आहेत. त्यामुळे काय घेतलं ते लपवू नका आणि घाईने गर्भपाताचा निर्णयही घेऊ नका. औषधाची चिठ्ठी घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटा.