कपॅसिटर बसवा, पण धक्का सांभाळून



कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या आपल्या नृसिंहवाडीच्या शिवारात पाण्याला तोटा नाही. तोटा आहे तो पाणी वर चढवणाऱ्या विजेचा. चैत्र-वैशाखात नदीकाठच्या सगळ्या मोटरी एकदम पाणी ओढू लागतात, डीपी तापते, दाब उतरतो आणि मोटर नुसती गुणगुणते. म्हणून गेली कित्येक वर्षे आम्ही गटसभांतून सांगत आलो, की मोटरीला कपॅसिटर बसवा. बऱ्याच सभासदांनी ते ऐकले. पण तो कसा बसवावा आणि कसा राखावा, हे सांगण्यात आम्ही कमी पडलो. ती उणीव आज भरून काढायची आहे.

एका जॅकवेलवरची गोष्ट

काठावरच्या एका उपसा सिंचन संस्थेने दोन मोठ्या मोटरींसाठी कपॅसिटरच्या दोन बँका शेजारी शेजारी बसवल्या. पहिली बँक चालू असताना दुसरी घातली, की 'ठक्क' आवाज व्हायचा आणि फ्यूज उडायचा. तीनदा फ्यूज बदलला. चौथ्या वेळी कंटाळून फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून घातली. त्याच रात्री कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटले, कपॅसिटरचा डबा फुगून फाटला आणि केबलसकट सगळी पेटी काळी पडली. दुरुस्तीत अकरा दिवस गेले. ऐन वैशाखात पाण्याचा फेर चुकला आणि उसाची पाने सुरळी होऊन उभी राहिली.

आम्ही पाहणीला गेलो तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "साहेब, कपॅसिटर बसवा म्हणून तुम्हीच सांगितलं होतं न्हवं?"

"होय आण्णा, पण आम्ही अर्धंच सांगितलं," एवढेच आम्हाला म्हणता आले.

कपॅसिटर करतो काय?

मोटर दोन प्रकारची वीज ओढते. एक प्रत्यक्ष काम करणारी, दुसरी मोटरीत चुंबकत्व तयार करण्यासाठी तारेतून नुसती ये-जा करणारी. ही दुसरी वीज कपॅसिटर मोटरीजवळच पुरवतो, त्यामुळे तारेवरचा भार हलका होतो.

हिशेबच पाहू. ५ अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर, पॉवर फॅक्टर ०.८ आणि कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास, ४१५ व्होल्टला सुमारे ७.६ अँपिअर ओढते. २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावला की हाच आकडा ६.४ अँपिअरच्या आसपास येतो. तारेतील घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होते.

कोणी म्हणेल, २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज योजना आहे, मग हा खर्च कशाला? बंधूंनो, बिल माफ झाले तरी डीपी जळायची थांबत नाही. एका डीपीवरच्या वीस मोटरींनी अँपिअरभर भार कमी केला, तर तोच दाब टिकवायला उपयोगी पडतो.

धक्का कुठून येतो?

रिकाम्या पाइपलाइनवर व्हॉल्व्ह एकदम उघडला तर पाणी कसे उसळून धावते, हे आपण जाणतोच. रिकामा कपॅसिटर लाइनला जोडला की विजेचेही तसेच होते. क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह धावतो आणि दाब शिखराच्या दुपटीपर्यंत उसळू शकतो. ही उसळी सेकंदाच्या अगदी लहानशा भागात संपते, पण तेवढ्यात पॉइंट जाळून जाते.

शेजारी भरलेला कपॅसिटर असेल तर परिस्थिती आणखी बिकट. भरलेली टाकी आणि रिकामी टाकी आखूड, रुंद पाइपने जोडल्यासारखे होते. भरलेला कपॅसिटर रिकाम्यात ओततो आणि प्रवाह शंभरपटीपर्यंत जाऊ शकतो. आण्णांच्या जॅकवेलवर नेमके हेच घडत होते. फ्यूज शत्रू नव्हता. तो बिचारा ओरडून सांगत होता, आणि आपण त्याचे तोंड तारेने बांधले.

तिसरा धोका ऑटो स्विचचा. लाईट क्षणभर गेली तरी मोटर फिरत असते आणि कपॅसिटरमुळे तिच्यात दाब शिल्लक राहतो. ऑटो स्विचने लगेच पुन्हा जोडणी केली आणि त्या वेळी दोन्ही दाब उलटे असले, तर उसळी तिपटीच्या घरात जाते. शिवाय डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, तो भार वेगळाच. म्हणून ऑटो स्विच काढावा. निदान लाईट आल्यावर काही मिनिटे थांबून चालू करणारा टायमर बसवावा.

काय जपावे?

१. माप मोटरीप्रमाणे असावे. साधारणपणे ३ अश्वशक्तीला १, ५ ला २ आणि साडेसातला ३ केव्हीएआर पुरतो. जास्त मोठा घालू नये. कपॅसिटरचा प्रवाह मोटरीच्या बिनभाराच्या प्रवाहाच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तर लाईट गेल्यावर मोटर स्वतःच दाब तयार करू लागते.

२. कपॅसिटर ४४० व्होल्टचा घ्यावा. रात्री भार उतरला की दाब चढतो, आणि कपॅसिटरवरचा बोजा दाबाच्या वर्गाने वाढतो.

३. फ्यूज एचआरसी असावा, कपॅसिटरच्या प्रवाहाच्या साधारण दीडपट. १० केव्हीएआरला ४४० व्होल्टवर प्रवाह सुमारे १३ अँपिअर होतो, म्हणून फ्यूज २० ते २५ चा. फ्यूजच्या जागी तार कदापि नको.

४. एकाहून अधिक बँका असतील तेथे कपॅसिटरसाठीचाच खास कॉन्टॅक्टर घ्यावा. तो आधी रोधकातून थोडा प्रवाह सोडतो, मग मुख्य पॉइंट जोडतो. मोठ्या बँकेला सिरीज रिअ‍ॅक्टरही लागतो.

५. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर डेल्टा बसल्यावरच कपॅसिटर जोडला जाईल, अशी जोडणी जाणत्या वायरमनकडून करून घ्यावी.

६. सर्वांत महत्त्वाचे. खटका पाडला म्हणजे कपॅसिटर मेला, असे समजू नये. आतील डिस्चार्ज रोधक वीज हळूहळू जिरवतो. तो तुटलेला असेल तर डबा भरलेलाच राहतो. किमान पाच मिनिटे थांबावे आणि परवानाधारक वायरमनने इन्सुलेटेड तारेने टोके जोडून खात्री केल्याशिवाय कोणी हात लावू नये. मुलाबाळांचा हा प्रश्न आहे.

पुराचे दिवस

२००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण अंगावर घेतले आहेत. दक्षिणद्वार सोहळ्याची बातमी आली की भाविक स्नानाला धावतात, आणि आपण काठावरच्या मोटरी काढायला. त्या धावपळीत कपॅसिटरची पेटी हमखास विसरते. मोटरीबरोबर तीही उतरवावी. उतरवण्यापूर्वी वरची पाच मिनिटे पाळावीत. पुरात बुडालेला कपॅसिटर उन्हात वाळवून पुन्हा जोडू नये. पेटी फुगलेली, तेल गळणारी किंवा करपल्या वासाची असेल तर ती बदलणेच स्वस्त पडते.

आण्णांच्या संस्थेने नंतर खास कॉन्टॅक्टर, योग्य फ्यूज आणि टायमर बसवले. 'ठक्क' आवाज बंद झाला. खर्च झाला, पण अकरा दिवस वाळलेल्या उसाच्या वजनापुढे तो काहीच नव्हता, असे आण्णाच सांगतात.

या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपली स्टार्टर पेटी जाणत्या माणसाकडून एकदा उघडून घ्यावी. आत फ्यूजच्या जागी तार दिसली, तर ती त्याच दिवशी काढावी, ही आमची नम्र विनंती. शंका असल्यास गट कार्यालयात यावे. या वेळी आम्ही पूर्ण सांगू.