न शोभणारी रेषा : फुटलेल्या नमुन्यावरील लोकमताची भाषा

प्रास्ताविक

वस्तू आधी वापरावी आणि मत मागाहून द्यावे, असा क्रम आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात पुष्कळदा मत आधी तयार होते आणि वस्तू नंतर हाती येते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, चित्रपटाच्या झलकीवर, अद्याप बाजारात न आलेल्या फोनच्या छायाचित्रावर माणसे ठामपणे बोलतात. अशा वेळी बोलणाऱ्याजवळ माहिती तुटपुंजी असते. भाषा मात्र सगळीच्या सगळी त्याच्या दिमतीला असते. या भाषेतून वस्तूविषयी किती कळते आणि बोलणाऱ्याविषयी किती कळते, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याच्या विवेचनासाठी २०१० साली अमेरिकेत घडलेली एक घटना आपण उदाहरण म्हणून घेऊ आणि मग मराठीच्या व्याकरणाकडे वळू.

घटना

मार्च २०१० मध्ये कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटी येथील एका मद्यालयात ॲपल कंपनीच्या अभियंत्याजवळचा एक फोन राहून गेला. तो आगामी ‘आयफोन ४’चा प्राथमिक नमुना होता. ओळखू येऊ नये म्हणून त्याला आधीच्या ‘आयफोन ३जीएस’सारखे दिसणारे आवरण घातलेले होते. तो ज्यांच्या हाती लागला त्यांच्याकडून ‘गिझमोडो’ या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने ५,००० डॉलर देऊन तो मिळवला आणि १९ एप्रिल २०१० रोजी त्याची छायाचित्रे प्रसिद्ध केली. पुढे कंपनीने लेखी पत्राद्वारे फोन परत मागितला. त्यामुळे नमुना खरा असल्याचे स्पष्ट झाले.

आधीच्या फोनची पाठ गोलसर आणि प्लास्टिकची होती. या नमुन्याची पाठ सपाट होती, पुढच्या बाजूलाही कॅमेरा होता आणि कडेने धातूची पट्टी फिरवलेली होती. या पट्टीवर बारीक, काळसर रेषा दिसत होत्या. लोकांचे लक्ष त्या रेषांवर खिळले. एकसंध आणि निर्दोष घडणीबद्दल नावाजलेल्या कंपनीच्या वस्तूवर हे सांधे कसे, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. छायाचित्रे बनावट असावीत, अशी शंकाही काहींनी घेतली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी : प्रकाशनाच्या हाती आलेला नमुना वापरण्याच्या स्थितीत नव्हता. म्हणजे ही सारी चर्चा केवळ रूपावरची होती. वापराचा अनुभव तिच्यामागे नव्हता.

‘फुटणे’ आणि ‘फोडणे’

घटनेला आपण कोणते क्रियापद लावतो, येथूनच अर्थनिर्णय सुरू होतो. मराठीत भांडे फुटते, तशीच बातमी फुटते आणि प्रश्नपत्रिकाही फुटते. ‘फुटणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. त्याला कर्ता लागतो, पण करणारा लागत नाही. ‘फोडणे’ हे त्याचे सकर्मक रूप. ‘तुटणे–तोडणे’, ‘सुटणे–सोडणे’ या जोड्याही अशाच आहेत. ‘नमुना फुटला’ असे म्हटले की तो कोणी उचलला, कोणी विकला, कोणी विकत घेतला आणि कोणी उघडून दाखवला, हे चारही प्रश्न वाक्याबाहेर राहतात.

या घटनेत ज्याच्याकडून फोन राहून गेला त्या अभियंत्याचे नाव मात्र जगजाहीर झाले. त्याच्या वाट्याला आलेले क्रियापद स्पष्ट कर्त्याचे होते : त्याने फोन हरवला. फोन ताब्यात घेऊन विकल्याबद्दल दोघांवर पुढे २०११ मध्ये न्यायालयीन कारवाई झाली. परंतु लोकांच्या बोलण्यात घटनेची ओळख ‘फुटलेला फोन’ अशीच राहिली. व्याकरणातील प्रयोगाची निवड ही अशी कधी कधी दोषाची वाटणीही करते.

‘शोभत नाही’ या विधानाचा अर्थ

आता रेषांवरील आक्षेपाकडे वळू. तो आक्षेप ‘रेषा कुरूप आहेत’ एवढाच नव्हता. ‘या कंपनीच्या वस्तूला त्या शोभत नाहीत’ हा त्याचा खरा आशय होता. या दोन विधानांत अर्थदृष्ट्या मोठे अंतर आहे. ‘कुरूप असणे’ याला एकच पद पुरते. ‘शोभणे’ याला दोन पदे लागतात : काय शोभते आणि कोणाला शोभते. ‘शोभत नाही’ हे विधान त्या दोहोंच्या नात्याविषयी असते आणि ते नाते बोलणाऱ्याच्या मनातील पूर्वापेक्षेने ठरलेले असते.

मराठी बोलणाऱ्याला हे नवे नाही. घरातील वडीलधारी व्यक्ती ‘हे बरे दिसत नाही’ असे म्हणते, तेव्हा ती डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीविषयी बोलत नसते. रीतीविषयी बोलत असते. २०१० मधील प्रतिक्रियाही याच जातीच्या होत्या. एका ‘घराण्याची’ शैली लोकांच्या मनात पक्की होती आणि नव्या वस्तूने ती मोडली होती. म्हणून या प्रतिक्रियांतून फोनविषयी थोडे कळते. लोकांनी मनात बाळगलेल्या प्रतिमेविषयी मात्र पुष्कळ कळते.

एकच रेषा, बदलते अर्थ

भाषाविज्ञानात चिन्हाच्या दोन बाजू मानतात : दिसणारे वा ऐकू येणारे ते चिन्हक आणि त्यातून बोधित होणारे ते चिन्हित. सोस्यूर यांच्या या मांडणीचा परिचय तुम्हांला आहेच. या फोनवरील रेषा हे चिन्हक मानले, तर काही आठवड्यांत त्याचे चिन्हित कसे पालटत गेले ते पाहता येते.

एप्रिलमध्ये रेषा म्हणजे घडणीतील उणीव होती. ७ जून २०१० रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी फोन अधिकृतपणे सादर केला, तेव्हा त्यांनी रेषांविषयीच्या शंकेचा स्वतःच उल्लेख केला आणि तिचे उत्तर दिले. स्टेनलेस स्टीलची ती पट्टी हाच अँटेनाचा भाग होता. रेषा म्हणजे पट्टीचे विद्युतदृष्ट्या वेगळे भाग पाडणाऱ्या फटी होत्या. याच भाषणात त्यांनी या फोनला जुन्या लायका कॅमेऱ्याची उपमा दिली. उणीव ठरलेली रेषा आता कौशल्याची खूण झाली.

२४ जूनला फोन विक्रीस आला आणि अर्थ पुन्हा पालटला. डाव्या बाजूच्या खालच्या फटीवर हाताचा स्पर्श झाला की संदेशग्रहण क्षीण होते, अशा तक्रारी येऊ लागल्या. अखेर १६ जुलै रोजी कंपनीने पत्रकार परिषद घेऊन ग्राहकांना मोफत आवरण देऊ केले. आता तीच रेषा दोषाची जागा ठरली.

लोकांना रेषा आधीपासूनच खटकत होती, म्हणजे लोकांचेच खरे ठरले, असे येथे म्हणावेसे वाटेल. तसे म्हणणे घाईचे होईल. एप्रिलमधील आक्षेप शोभेचा होता, जुलैमधील तक्रार वापराची होती. दोन्ही आक्षेपांचे बोट एकाच जागेवर पडले, पण त्यांची कारणे वेगळी होती. निष्कर्ष जुळला म्हणून युक्तिवाद बरोबर ठरत नाही. पुढील काळात धातूच्या कडा असलेल्या अनेक फोनांवर अशा रेषा आल्या आणि त्या सवयीच्या झाल्या. आज त्यांच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

क्रियापदाची साक्ष

अपुऱ्या माहितीवर बोलूच नये, असा याचा अर्थ नव्हे. तसे केले तर संवादच थांबेल. आपली माहिती किती आहे हे वाक्यात दिसावे, इतकीच अपेक्षा आहे. आणि त्यासाठी मराठीजवळ समर्थ साधने आहेत. या घटनेवर मराठीत बोलायचे झाले तर कशी वाक्ये होतील, ते विवेचनासाठी रचलेल्या पुढील उदाहरणांत पाहा.

१. हा नमुना अपुरा आहे.
२. हा नमुना अपुरा असावा.
३. हा नमुना अपुरा असेल.
४. हा नमुना म्हणे अपुरा आहे.
५. हा नमुना मला अपुरा वाटतो.
६. नमुना वापरता आला असता, तर रेषांचे प्रयोजन कळले असते.

पहिले वाक्य स्वार्थी आहे. ते केवळ विधान करते आणि त्याची पूर्ण जबाबदारी बोलणाऱ्यावर येते. दुसऱ्यातील विध्यर्थी रूप येथे कर्तव्य सांगत नाही, तर्क सांगते. तिसऱ्यात रूप भविष्यकाळाचे आहे, पण अर्थ वर्तमानाविषयीच्या अनुमानाचा आहे. चौथ्यातील ‘म्हणे’ हे मूळचे क्रियापदाचे रूप अव्ययासारखे गोठले आहे. माहिती ऐकीव असल्याचे ते एका शब्दात सांगते. पाचव्यात ‘मला’ हे पद महत्त्वाचे आहे. ते गाळून ‘नमुना अपुरा वाटतो’ असे म्हटले की एका व्यक्तीचा अनुभव वस्तूच्या गुणधर्मासारखा भासू लागतो. सहावे वाक्य संकेतार्थी आहे. जे घडले नाही त्याच्या आधारे ते आपल्या ज्ञानाची मर्यादा दाखवते.

एखादे मत तोंडातोंडी फिरू लागले की या छटा झिजत जातात. ‘असावा’चे ‘असेल’ होते, ‘असेल’चे ‘आहे’ होते, ‘म्हणे’ गळून पडते. वस्तूविषयी नवी माहिती मिळालेली नसते, तरी वाक्य अधिकाधिक ठाम होत जाते. अफवेचे व्याकरण थोडक्यात असे सांगता येईल.

समारोप

फोनवरील रेषांवरून उठलेला वाद आज जुना झाला आहे. परंतु अर्धवट पाहिलेल्या वस्तूवर, आणि अर्धवट ओळखलेल्या माणसावर, मत देण्याची वेळ प्रत्येकावर रोज येते. आपण वाचतो त्या प्रत्येक प्रतिक्रियेला तीन प्रश्न विचारावेत. बोलणारा पाहिलेले सांगतो आहे, ऐकलेले सांगतो आहे की तर्क करतो आहे? त्याचा आक्षेप वस्तूवर आहे की अपेक्षाभंगावर? वाक्यातून कोणाचे कर्तृत्व लपले आहे? आपण स्वतः लिहितानाही हेच प्रश्न आपल्या क्रियापदांना विचारले, तर आपले मत दुबळे होत नाही. ते किती वजन पेलू शकते, हे वाचकाला कळते.

स्वाध्याय

१. ‘फुटणे–फोडणे’ यासारख्या आणखी तीन जोड्या शोधा आणि बातमीच्या वाक्यात त्यांच्या वापराने अर्थ कसा बदलतो ते सोदाहरण लिहा.
२. ‘शोभणे’, ‘दिसणे’ आणि ‘वाटणे’ या क्रियापदांच्या वाक्यरचनेतील फरक स्पष्ट करा.
३. आजच्या वृत्तपत्रातील एखादी बातमी घेऊन तिच्यातील पाहिलेले, ऐकीव आणि तर्काधारित अशी विधाने वेगळी करा. कोणत्या भाषिक खुणांवरून तुम्ही ती ओळखलीत, ते नमूद करा.