कौलारू अंगाचे मांजर

मांजर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुधाच्या पातेल्याभोवती घुटमळणारे मऊ, केसाळ जनावर उभे राहते. परंतु कोकणात व सह्याद्रीच्या रानांत असे एक 'मांजर' राहते, की त्याला दूध नको, उंदीरही नको. तोंडात एकही दात नाही आणि अंगावर कौलांसारखे एकावर एक बसवलेले टणक खवले! हेच ते खवल्या मांजर.

खवले पाहून पुष्कळांना ते सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी वाटते. पण ते पिलाला दूध पाजणारे, म्हणजे सस्तन आहे. त्याचे खवले केराटिन या द्रव्याचे असतात. आपली नखे व केसही त्याचेच. आणखी एक गंमत अशी, की त्याच्या नावातल्या 'मांजर' शब्दाला आपण हसतो. पण आनुवंशिक अभ्यासातून मांजर, कुत्रा, अस्वल यांचा मांसभक्षक गणच त्याला सर्वांत जवळचा ठरला आहे!

हा प्राणी दिवसा बिळात झोपतो व रात्री बाहेर पडतो. नजर अधू, पण नाक तिखट. वारूळ हुंगून काढायचे, पुढच्या पायांच्या दणकट नख्यांनी ते फोडायचे आणि लांब, चिकट जीभ आत सारायची, हा त्याचा नित्यक्रम. मुंग्या चावू नयेत म्हणून त्या वेळी ते नाकपुड्या मिटून घेते. चघळायला दात नाहीत, तेव्हा गिळलेले बारीक खडे पोटात जात्याचे काम करतात. वाळवी फस्त करणारे हे जनावर शेतकऱ्याचा बिनपगारी चाकरच म्हणायचे.

मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते. आई त्याला शेपटीवर बसवून हिंडते. धोका दिसला, की त्याला पोटाशी घेऊन स्वतः त्याच्याभोवती वेटोळे करते.

हे वेटोळे हेच त्याचे मुख्य शस्त्र. चावणे नाही, धावणे नाही. डोके पोटात घालून अंगाचा चेंडू करायचा आणि निपचित पडायचे. बिबट्याचेही दात या चेंडूपुढे सहसा चालत नाहीत. पण माणसापुढे मात्र हीच युक्ती घातक ठरते. पळून न जाणारे जनावर! उचलले आणि पोत्यात घातले, की झाले. मांसासाठी आणि खवल्यांत औषधी गुण असल्याच्या समजुतीपायी त्याची चोरटी शिकार होते. वास्तविक नखे उगाळून प्यायल्याने जेवढा गुण येईल, तेवढाच या खवल्यांनी येणार! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संपूर्ण संरक्षण दिले आहे. २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही बंदी आहे. तरीही तस्करी थांबलेली नाही.

कायदा जेथे पोहोचत नाही, तेथे गाव पोहोचू शकते. चिपळूण तालुक्यातील डुगवे गावात २०२० साली 'खवलोत्सव' साजरा झाला. खवल्या मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून गावकऱ्यांनी ती मिरवली. ज्याला पोत्यात घातले जात होते, त्याला पालखी मिळाली!

मित्रहो, सुटीत गावी गेल्यावर रात्रीच्या वाटेवर असा खवल्यांचा चेंडू दिसला, तर त्याला हात लावू नका, दिवट्या-बत्त्या घेऊन गर्दीही करू नका. थोडे दूर, गप्प उभे राहा. भीती सरली, की तो चेंडू आपणहून उलगडेल आणि आपल्या वारुळाच्या वाटेने निघून जाईल. त्याला तेवढी वाट मोकळी ठेवणे आपल्या हाती आहे.